चौदा-पंधराच्या मधला देव

नाही, नाही—तिथं मापाची टेप नका लावू. जिन्यापासून लावा, रॅम्पच्या तोंडापासून लावा, कुठूनही लावा, पण चौदा अन् पंधरा नंबरच्या खांबाच्या मधे टेप लावायची नाही. काहून म्हणजे? देव आहे तिथं. शेंदूर दिसत नाही का? अन् तो नकाशा गुंडाळा तुमचा, माझ्यासमोर पसरू नका. मी कागद पाहत नसतो. तोंडानं सांगा काय करणार आहात, मी ऐकतो, मग सांगतो होते का नाही होत. —हव, मीच देवीदास. वर्दी चौकीदाराची आहे, शिट्टी गळ्यात आहे, पण नाव मिस्त्रीचंच चालते. देवीदास मिस्त्री. हे पार्किंग, हे तिन्ही मजले, ज्याच्यावर तुम्ही उभ्या आहात, ते मी बांधलं. कॉलेजनं पैसे दिले, ठेकेदारानं सिमेंट दिलं, बांधलं मी. चौबे कॉलनीत जाऊन विचारा, छत्तीस घरांवर माझ्या हातचा स्लॅब आहे, एकही गळत नाही. —बोला, हिंदीत बोला, मले समजते. मी मात्र मराठीत बोलीन. नाव काय सांगतलं? यामिनी. कोणत्या पाऱ्यातल्या, कोणत्या मोहल्ल्यातल्या? ब्राह्मणपारा... दत्तोपंतायची नात का तू—का तुम्ही? मग तर येतेच मराठी, लाजता कशाले. त्यांच्या मोरीची फरशी मी बसवली, त्र्याऐंशी साली. गळते का? —नाही न. मले माहीत होतं, तरी विचारलं.

बरं, सांगा आता. हं. —हं. म्हणजे गाड्या सगळ्या मागच्या गेटबाहेर जाणार, तिथं नवं मैदान केलं. अन् इथं गाडी येणार नाही, माणूस येईल. पायी. खाली चहा-पोह्याची दुकानं, मधल्या मजल्यावर अभ्यासाची टेबलं, अन् वर, इथं, मोकळं अंगण—बसा, गा, नाचा. वा. इतके वर्षं मी शिट्टी मारमारून माणसायले बाजूले केलं, गाडी येऊन राहिली, हटा म्हणून. आता गाडीले हटवून माणूस आणता. आणा! मी विरोधात आहे असं कोणं सांगतलं तुम्हाले? शामरावनं? त्या ऑफिसातल्या शामरावनं? तो बाराच्या ठोक्याले स्वतःचा डबा खातो अन् एकच्या ठोक्याले दुसऱ्याचा, त्याचं ऐकून आल्या तुम्ही? मी विरोधात नाही. मले न विचारता आले, त्याचा राग आहे. तीन महिने झाले, कोणी कॅमेरा घेऊन येते, कोणी डब्या घेऊन येते, एक दिवस तर उडतं यंत्र डोक्यावर घिरट्या घालून गेलं, कबुतरं पळाली सगळी—पण एकानं विचारलं नाही, बाबा, तुम्ही बावीस वर्षांपासून इथं बसून राहिले, तुम्हाले काय वाटते. तुम्ही विचारलं. म्हणून उभा आहे, नाहीतर कधीच खाली गेलो असतो.

लिहून घ्या, मी दोनदा सांगणार नाही. हा रॅम्प गाडीसाठी बांधला, याचा चढ गाडीचा आहे, माणसाचा नाही. हिस्ट्रीच्या क्षमा मॅडम आहेत न, चाकाच्या खुर्चीवर येतात—एकदा त्यांले वर यायचं होतं, पोट्ट्यायनं पतंग उडवायचा कार्यक्रम ठेवला होता, मी ढकलत आणलं. अर्ध्यात माझा दम गेला. उतरताना तर मी खुर्ची नाही धरली, खुर्चीनंच मले ओढलं, अन् मॅडम वरून हसून राहिल्या, मिस्त्रीजी, ब्रेक मारो. तर रॅम्प लांबवा, मधे सपाट थांबा द्या. अन् मधल्या मजल्याचं छत खाली आहे. गाडीले आठ फूट पुरते, पण माणूस तिथं तास-दोन तास बसला की त्याले कोणी डोकं दाबून धरल्यावाणी वाटते—मले विचारा, मी बसलो. तिथं उजेड पाहिजे. कुठून आणता ते तुम्ही पाहा. अन् ही जमीन सपाट नाही, गोटी सोडा, त्या कोपऱ्यात जाऊन थांबेल. पाणी वाहून जावं म्हणून ढाळ दिला, मीच दिला, टेबल ठेवाल तर चहा सांडेल. अन् खाली एक वाट आहे, तुमच्या नकाशात नसेल. पोट्ट्या लायब्ररीतून कॅन्टीनले रस्त्यानं नाही जात, गाड्यायच्या मधून तिरप्या जातात, किती ओरडलो, ऐकलं नाही. तिथली फरशी पाहा, झिजून चकचकीत झाली. ती वाट मोकळी ठेवा. दुकान टाकाल तिथं तर दुकानातून जातील. रस्ता पाय पाडतात, कागद नाही पाडत. —लिहिलं? मराठीत लिहिता का? बरं, हिंदीत लिहा.

आता वरचं. मे महिन्यात इथं दुपारी उभं राहून पाहिलं का कधी? पोट्टे गाडीच्या सीटवर बाटलीभर पाणी ओतायचे, तेव्हा बसता यायचं. अन् तुम्ही म्हणता मोकळं अंगण. सावली कशाची? —झाड. तिसऱ्या मजल्यावर झाड! कशात लावता, कुंडीत? —हौद बांधून. चार फूट खोल, बारा फूट रुंद. ओली माती म्हणजे बसलेला हत्ती असतो मॅडम, तो उठत नाही, रात्रंदिवस बसूनच राहते. अन् कुठं बसवता हा हत्ती?

काय म्हणलं?

इथं? देवाच्या मागं? —म्हणजे देव तसाच ठेवणार, मागं झाड, भोवती गोल पार, पारावर पोट्टे बसणार, समोर मंच. वार्षिक उत्सवात दोनशे पोट्टे एका तालात उड्या मारणार. अन् याच्या बरोबर खाली अभ्यासाची टेबलं. —ही अक्कल कोणाची? पोट्ट्यायची! चिठ्ठ्या लिहून घेतल्या तुम्ही, आवडती जागा कोणती, अन् सगळ्यात जास्त चिठ्ठ्या निघाल्या पार्किंग बाबाच्या. निघतीलच. परीक्षा आली की इथं रांग लागते. रोल नंबर लिहून दगडाखाली सरकवतात. पियुष म्हणून एक होता, केमिस्ट्रीत चारदा नापास, पाचव्यांदा पास झाला तर दोन किलो पेढे घेऊन आला, म्हणे बाबाची कृपा. अरे, पाचव्यांदा म्हैसही पास होते! नाव मी नाही ठेवलं, पार्किंग बाबा. मी कधी सांगतलं नाही हा मारोती आहे का ठाकुरदेव आहे का कोण आहे. त्यायनंच ठेवलं, त्यायनंच वाढवलं. मी फक्त शेंदूर लावला.

नाही. होणार नाही. पार होणार नाही, झाड होणार नाही, मंचही नाही इथं. देवाले चालत नाही. —मले माहीत आहे काय चालते त्याले, बावीस वर्षांपासून त्याच्याजवळ मी बसतो, तुम्ही आज आल्या. अंगावर येईल. कोणाच्या तरी अंगावर येईल, मी सांगून ठेवतो. —हसू नका. —नाही हसल्या? बरं. मान ठेवून करून राहिल्या, हेही दिसते मले. तुम्ही इथं आल्या अन् आधी चपला काढल्या, मी पाहिलं. तिथंच तर गडबड केली न तुम्ही. टेप फेकून, बूट घालून, दगडाले लाथ मारून आल्या असत्या तर मी भांडलो असतो, हाकलून दिलं असतं, मले भांडता येते. चपला काढून उभ्या राहिल्या, आता मी काय करू?

ते डब्यावाले आले होते न, मागच्या महिन्यात, मजबुती तपासाले? हातोडीसारखं यंत्र, टक टक लावत गेले खांबाखांबाले, स्लॅबले, वर खाली. चांगले पोरं होते. तेराजवळ लावलं, सोळाजवळ लावलं. इथं आले—बूट काढले, हात जोडले, अन् पुढं गेले. देवाच्या अंगावर यंत्र कोण लावते? खालच्या मजल्यावरूनही नाही लावलं, म्हणे ऊपर बाबा बैठे हैं, नीचे से ठोकना ठीक नहीं. तुमच्या त्या रिपोर्टात काय लिहिलं आहे? सगळं ठीक आहे. सगळं म्हणजे इथलं सोडून सगळं. हे लिहिलं का त्यायनं? —नाही न लिहिलं. मी त्या दिवशी इथंच उभा होतो, या कठड्याजवळ. मले बरं वाटलं. मग दोन दिवस जेवण गेलं नाही.

देव मी बसवला. ऐका. मधे बोलू नका, एकदा थांबलो तर परत नाही सांगणार. पार्किंग सुरू झालं त्या पावसाळ्यात मी बसवला. आधी ड्रम ठेवला होता, रिकामा डांबराचा, वर पाटी—इथे गाडी लावू नये. पोट्ट्यायनं ड्रम सरकवला अन् गाडी लावली. दोर बांधला, तोडला. मग सदर बाजारात गेलो, शेंदूर आणला, तेल आणलं, सकाळी गेट उघडायच्या आधी बसवून टाकला. त्या दिवसापासून इथं गाडी नाही. माणूस ड्रमले भीत नाही, शेंदराले भीते. एकदा जुन्या प्रिन्सिपॉलच्या ड्रायव्हरनं लावली, मोठी गाडी, पांढरी, म्हणे साहब की है, बाबा नाराज नहीं होंगे. संध्याकाळी चाक बसलेलं. सगळ्या कॉलेजात चमत्कार, चमत्कार! कशाचा चमत्कार? खिळा होता, दोन इंची. माझ्या खिशात अजून त्याच्या जोडीचे आहेत.

काहून केलं म्हणता? —खाली या मधल्या मजल्यावर, दाखवतो. नाही, राहू द्या, इथूनच सांगतो. इथं, चौदा अन् पंधराच्या मधे, या स्लॅबमधे एक रेघ आहे. आरपार. पावसात खालून पाणी उतरायचं, पांढरं, मग तांबडं. तांबडं म्हणजे आतली सळई गंजून राहिली. दरवर्षी पावसाच्या आधी खालून मीच सिमेंट भरतो, पुट्टी मारतो, चुना लावतो. तुम्हाले दिसली नाही न? दिसणार नाही. हात मिस्त्रीचा आहे.

वीस मे होती, दोन हजार तीन. वरचा स्लॅब. सकाळी सहाले नारळ फोडला, मिक्सर सुरू झाला. चाळीस माणसं माझ्या हाताखाली, त्यात वीस-बावीस रेजा, म्हणजे मजूर बाया, डोक्यावर घमेली, साखळी लावून वर माल देऊन राहिल्या. त्यायची मुकादम शारदा, माझी बायको. स्लॅबची ढलाई म्हणजे लग्न असते मॅडम. मंगलाष्टकं अर्धी ठेवून भटजी उठत नाही अन् स्लॅब अर्धा ठेवून मिस्त्री उठत नाही. पाणी प्या, उभ्यानं प्या. जेवण? जेवण स्लॅब झाल्यावर, ठेकेदाराकडून, पुरी-भाजी-बुंदी. मी तोवरच्या पंचवीस वर्षांत कधी थांबलो नाही. पावसात नाही थांबलो, ताडपत्री धरून टाकला. माझा बाप गेला, रेल्वेत गँगमन होता, निरोप आला तेव्हा मी स्लॅबवर होतो, संपवला अन् मग गेलो. अन् त्या दिवशी अकरा वाजता, या जागी, मी थापी खाली ठेवली.

इंजिनिअर होता एक, शिशिर. नवा, सहा महिन्यांचा, मिशीही नीट फुटली नव्हती. नकाशा घेऊन वर आला, माझ्या हातात दिला, म्हणे बीम कहाँ है बताओ. मी बोट ठेवलं. तर हसला. चाळीस माणसायसमोर. म्हणे मिस्त्री, नक्शा उल्टा पकड़े हो, चौथी फेल को काम दोगे तो यही होगा. चौथी पास आहे मी! पास. पन्नासपैकी एकेचाळीस मार्क. अन् बाया हसल्या. माझ्याच बाया, ज्यायले मी घमेलं कसं धरायचं ते शिकवलं, त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या. खोटं बोलला तो. मी नकाशा सरळच धरला होता, मी काय आंधळा आहे? थापी ठेवली. म्हणलं, जोवर हा हात जोडत नाही, मिक्सर फिरणार नाही. सगळे थांबले. माझा शब्द होता तेव्हा. मी त्या कठड्यावर जाऊन बसलो, बिडी पेटवली. ठेकेदार आला, गेला. बेचाळीस डिग्री ऊन. शारदा आली, कानाजवळ, हळूच—अहो, माल बसून राहिला. मी म्हणलं, तू गप्प. परत आली, म्हणे कडा तरी ओल्या करू द्या. म्हणलं, एक थेंब टाकायचा नाही. दोन तास. मग तो आला, पोट्टाच होता, रडकुंडीले आला होता, हात जोडले, चाचा, माफ कर दो. मी जिंकलो.

अन् ज्या ठिकाणी थांबला होता, तिथूनच सुरू केला. हेच ते. तुम्हाले कळते, तुम्ही शिकल्या आहात. जुना माल बसून दगड झाला, त्याच्या अंगाले नवा चिकटत नाही. थांबायचंच असेल तर थांबायची जागा असते, कड फोडायची असते, घासायची, सिमेंटचा घोळ मारायचा, मग पुढं. मले येत होतं. त्या पोट्ट्याले येत नव्हतं, पुस्तकात असेल त्याच्या, पण त्याची हिंमत नव्हती मले सांगायची, नुकतेच हात जोडले होते. अन् मी कसा सांगू? कड फोडा म्हणायचं म्हणजे माझ्या थांबण्यानं बिघडलं म्हणायचं. म्हणलं, चला, टाका. टाकला. संध्याकाळी पुरी-भाजी-बुंदी सगळ्यायनं खाल्ली. मीही खाल्ली.

तुम्ही काय पाहून राहिल्या माझ्याकडं? —हव. उलटाच होता. नकाशा. उलटा धरला होता मी. आतापर्यंत कोणाले नाही सांगतलं. इंग्रजी अक्षरं, रेघाच रेघा, मी कधी विचारलं नाही कोणाले वर कोणती बाजू. मले काम पाहून समजायचं, एकदा जागेवर उभा राहिलो की सगळं डोळ्यासमोर यायचं, कागदाची गरज काय? पण विचारायचं होतं. एका शब्दाचं काम होतं. बस.

त्यानंतर थापी धरली नाही. लोक हसले, मिस्त्रीनं थापी सोडून शिट्टी धरली, एवढी रोजी सोडून चौकीदार झाला. म्हणलं, गुडघे दुखतात. गुडघ्यांले काय झालं, अजून तीन मजले चढतो. मले इथं बसायचं होतं. यावर चाक चढू द्यायचं नव्हतं. ड्यूटी अकराची असो का सातची, मी इथं. सुट्टी नाही घेतली, पोरीच्या लग्नात दोन दिवस, ते सोडून. मी माफी नाही मागून राहिलो, समजून घ्या. कोणाची मागू? मी राखण केली. ज्यानं बिघडवलं त्यानंच राखलं, असं किती लोक करतात? स्लॅब टाकून जाणारे खूप पाहिले, टाकून बसून राहणारा दाखवा मले एक.

या, जवळ या. चपला घालून या, घाला म्हणतो न. हा दगड नाही. नीट पाहा, वरून गोल, खालून सपाट—घमेल्याचा आकार आहे. ते दोन तास एक घमेलं इथं भरलेलं राहिलं होतं, त्यातला माल तसाच बसला. पोट्ट्यायनं ठोकून बाहेर काढला अन् भिंतीमागं फेकला. तो मी उचलून आणला, शेंदूर लावला. माझ्या ताठ्याले हे लोक बावीस वर्षं नारळ फोडून राहिले. आधी हसू यायचं.

शारदाले मी नाही सांगतलं. तिनं विचारलं नाही. पण बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून रोज सकाळी लोटाभर पाणी आणून घालायची, वरून, हळूहळू, अन् मग भोवती स्लॅबवर, या रेघेवर. मी म्हणायचो, भाबडी आहे, दगडाले आंघोळ घालते. ती मुकादम होती, हे मी विसरलो. ते घमेलं तिच्याच डोक्यावरून उतरलं होतं. स्लॅब टाकला की त्याले पाणी द्यावं लागते, तेव्हा तो पक्का होते—सात दिवस द्या, चौदा दिवस द्या, बस. तिनं अठरा वर्षं दिलं. चार वर्षांआधी गेली. दवाखान्यातही मले विचारलं, आज पाणी घातलं का. तेव्हा समजलं मले. तेव्हाही मी काही बोललो नाही. घातलं म्हणलं. —मले रुमाल नका देऊ, ऊन लागून राहिलं डोळ्यात.

तर आता ऐका, काय करायचं ते. झाड इथं नाही. झाड सात नंबरच्या खांबावर ठेवा, बरोबर डोक्यावर. जड वस्तू खांबाच्या डोक्यावर ठेवायची, स्लॅबच्या पोटावर नाही. मंच दोन-तीनच्या मधे, तिथला माल असा आहे, हत्ती नाचवा. अन् मधल्या मजल्याले उजेड पाहिजे म्हणलं न मी? उजेडासाठी कुठंतरी भोक पाडणारच आहात तुम्ही? —पाडणार आहात, मले वाटलंच. इथं पाडा. चौदापासून पंधरापर्यंत, बीम ते बीम, सगळं काढून टाका. खाली टेबलं आहेत, वरून उजेड पडेल, पोट्टे-पोट्टी वाचतील. चांगलं होईल. आधी तपासा, माझ्या तोंडावर जाऊ नका, यंत्र लावा, वरून लावा, खालून लावा, बूट घालून लावा. अन् लिहा तुमच्या रिपोर्टात. देवीदास मिस्त्री, वीस मे, अकरा ते एक काम थांबवलं, कड फोडली नाही. इंजिनिअरचं नाव नको. ते पोट्टं होतं. माझं लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. चौबे कॉलनीत कोणी वाचलं तर वाचू द्या, छत्तीस नाही गळत, सदतिसावा गळते. पोट्टे ओरडतील, बाबा काहून हटवला म्हणून. माझ्याकडं पाठवा. मी सांगतो त्यायले.

हात नका लावू, मी उचलतो. पंधरा किलो आहे, तुमच्यानं नाही होणार. —हट्. हं. पाहा खाली, दिसली रेघ? एवढीच आहे. बारीक. हे घेऊन जा, तपासाले, फोडाले, काय करायचं ते करा. गाडीत मी ठेवून देतो, डिक्कीत पोतं टाका खाली, शेंदूर लागेल.

अन् तो नकाशा आणा. हव, आता आणा. पसरा इथं कठड्यावर, कोपरे धरा, वारा आहे. —थांबा. फिरवू नका. तुम्ही हळूच माझ्याकडं फिरवून राहिल्या न, दिसलं मले. जसा होता तसा ठेवा. मी विचारतो.

वर कोणती बाजू याची?

—हं. म्हणजे हा रॅम्प. हा जिना. हे खांब, दहा, अकरा, बारा, तेरा... चौदा. पेन्सिल द्या. इथून, असं, इथपर्यंत. बस. निघा आता, माझी खालच्या गेटची साखळी लावायची वेळ झाली. जा म्हणतो न. —अन् तिकडं वळून हात कशाले जोडता? तिथं आता कोणी नाही.